मोलाल्ता घराण्याचं जातं

आमच्या घराचा इतिहास आज्यापाशी थांबायचा. त्याच्या मागं कोण होतं म्हणून विचारलं की बा म्हणायचा, "त्याच्या मागं काय असंल, दुसऱ्याच्या रानात राबणारं कोणीतरी असंल," आणि बिडी विझवून उठायचा. त्याचं त्याला वाईट वाटत असल्याचं मला कधी दिसलं नाही. आज्यानं धम्मदीक्षा घेतली तेव्हा बा लहान होता, आणि आपलं घर तिथूनच सुरू झालं असं तो मनापासून मानायचा. जुनं जे होतं, देवाचे टाक, कवड्या, परड्या, ते सगळं आज्यानं पैनगंगेत सोडलं होतं. बा सांगायचा, टाक बुडाले पण परडी बराच वेळ तरंगत राहिली, आणि काठावरचे लोक ती दिसेनाशी होईपर्यंत बघत उभे होते.

अशा घरातली मी. आणि माझ्या तरुणपणातली सगळ्यात मोठी गोष्ट घडली ती इटलीतल्या एका सरदार घराण्यामुळं. त्या घराण्याचं नाव मोलाल्ता. आज महाविद्यालयात इतिहास शिकवताना दरवर्षी एखादी मुलगी विचारतेच, "मॅडम, तुम्ही इस्लापूरच्या, मग इटलीकडं कशा वळलात?" वर्गात मी दोन वाक्यांत उरकते, कारण तास संपत आलेला असतो. पण खरी गोष्ट दोन वाक्यांची नाही.

इस्लापूरला आमचं घर म्हणजे रुळांच्या कडेचं रेल्वेचं क्वार्टर. दोन खोल्या, पुढं ओटा, ओट्यासमोर रूळ आणि रुळांपलीकडं सागाचं रान. बा रेल्वेत होता. सकाळी खांद्यावर हातोडा आणि काखेत लाल-हिरवी निशाणं घेऊन तो रूळ तपासत निघायचा. हातोड्याचा टण्ण असा आवाज लांब लांब जात राहायचा, आणि माय त्या आवाजावरून सांगायची की आता बा ओढ्याच्या पुलापाशी पोचला. पावसाळ्यात त्या आवाजाच्या मागं सहस्रकुंडाच्या धबधब्याची घरघर असायची. पाहुण्यांना ती ऐकू यायची, आम्हाला ती थांबल्यावरच कळायची. गावात पिठाची गिरणी होती, पण विजेचा भरवसा नव्हता, म्हणून ओट्यावरचं जातं काही सुटलं नाही. माय पहाटे दळायला बसायची. ज्वारी भरडून कण्या काढायची, त्या कण्यांबरोबर अंबाडीची आंबट भाजी शिजायची आणि वरून लसणाची फोडणी पडायची. मोहाच्या दिवसांत माय रानातून फुलं वेचून आणायची, ती वाळवून, तव्यावर भाजून, तिळाबरोबर कुटून लाडू करायची. पैनगंगेतले बोटाएवढे मासे वाळवून ठेवलेले असायचे. हिरव्या मिरचीत ते परतले की पलीकडच्या क्वार्टरातला पॉइंटमन न बोलावता ताटली घेऊन यायचा.

शाळा मी किनवटच्या वसतिगृहात राहून केली आणि पुढं नांदेडला महाविद्यालयात गेले. इंग्रजी मला फार आवडायचं, कारण त्या भाषेत कुणी माझं आडनाव विचारून माझ्याकडं वेगळ्या नजरेनं पाहत नसे. वसतिगृहातल्या वाचनालयात जे इंग्रजी सापडेल ते मी वाचायचे, शिवणयंत्राच्या माहितीपुस्तिकेपासून व्याकरणापर्यंत. त्याचा उपयोग पुढं अशा ठिकाणी झाला की ते माझ्या स्वप्नातही आलं नसतं.

किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या विभागप्रमुख सरांनी काही विद्यार्थ्यांना मदतीसाठी पाठवलं. मी दुसऱ्या वर्षाला होते. पहिल्या धक्क्यातला हंबरडा तेव्हा ओसरला होता. पत्र्याच्या शेडांत माणसं राहत होती, दुपारी पत्रे तापून आत भट्टी व्हायची आणि वारा सुटला की सगळी वस्ती खडखडायची. परदेशी मंडळींचा एक छोटा गट शेजारच्या गावात शाळा बांधत होता. त्यांना इंग्रजी समजणारी आणि बायकांशी बोलू शकणारी मुलगी हवी होती. तिथं मला लाव्हीनिया भेटली.

साठीच्या पुढची बाई. पांढरे केस पुरुषासारखे कापलेले, अंगात सुती शर्ट, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट. ती इटलीत शाळेत इतिहास शिकवायची आणि निवृत्त झाल्यावर अशी कामं करत हिंडायची. गवंडी तिला लवीनाबाई म्हणायचे. आमचं जेवण तिला मनापासून आवडायचं. करडईच्या तेलात लाल चटणी कालवून ज्वारीची भाकरी बुडवून खाताना ती डोळे मिटायची, आणि मिटल्या डोळ्यांनीच आणखी भाकरीसाठी हात पुढं करायची. तिच्या बोटात पिढ्यानपिढ्यांची एक जाड अंगठी होती. वर काहीतरी कोरलेलं होतं, पण उलटं, शिक्क्यासारखं. एका दुपारी चहाच्या वेळी तिनं कालवलेल्या मातीचा गोळा हातावर घेतला, त्यावर अंगठी दाबली आणि सगळ्यांपुढं धरला. मला म्हणाली, "कुसुमा, यांना विचार, हे काय आहे?"

मी विचारलं. युसूफमिस्त्री म्हणाले, "सूरज हाय. किरणं बघा की." दुसरा गवंडी म्हणाला, बैलगाडीचं चाक. तेवढ्यात पाणी भरणाऱ्या बायका वाकून बघायला आल्या आणि त्यातली एक म्हणाली, "आगं बया, हे तर जातं हाय! टाकी लावल्यावानी रेघा हायत." बाकीच्यांनी लगेच माना डोलावल्या. मी भाषांतर केलं. लाव्हीनिया इतकी हसली की मातीचा गोळा तिच्या हातातून निसटला.

मग तिनं सांगितलं. मोलाल्ता हे तिचं घराणं. डोंगरावर त्यांचा बुरूज, खाली नदी. कित्येक शतकं ते त्या मुलखाचे सरदार. तिथं प्रत्येक सरदार घराण्याला ढालीवरचं आपलं चिन्ह असतं. चिलखतातल्या माणसाचं तोंड दिसत नाही म्हणून लढाईत ढालीवरून माणूस ओळखायचा. तिथून ते दारावर, शिक्क्यावर, ताटवाटीवर, थडग्यावर गेलं. यांची जुनी ढाल निळी आणि मधे रुपेरी वर्तुळ, आत किरणांसारख्या रेघा. घरात सांगत, हा सूर्य आहे. आपला मूळपुरुष रोमचा सेनापती होता आणि सूर्य त्याचं दैवत. लहानपणी हे सगळ्या भावंडांकडून पाठ करून घेतलं जायचं.

"आमच्याकडंही जमीन हलते," ती म्हणाली. "तशी एकदा हलली आणि बुरजाचं दार पडलं. दारावर ढाल कोरलेली मोठी शिळा होती. ती खाली येऊन पालथी पडली. ढिगारा उपसायला आम्ही सगळे होतो. शिळेची मागची बाजू मी झाडली, तर तिथं घासून गुळगुळीत झालेल्या रेघा आणि मधे चौकोनी भोक. अख्खी शिळा म्हणजे पाणचक्कीच्या जात्याची तळी होती. पुढच्या बाजूला आमचा सूर्य कोरला होता."

"मग?"

"मग माझा भाऊ म्हणाला, शिळा पुन्हा बसवताना मागची बाजू चुन्यात नीट बुजवा. मी म्हणाले, बुजवायची नाही. आमचं नावच बघा ना, मोला म्हणजे जात्याचा दगड. आम्ही पीठ दळणारे होतो. त्यानंतर सणाला मला घरून बोलावणं येत नाही."

त्या मुक्कामात तिनं मला ढाली वाचायला शिकवलं. मला सगळ्यात नवल वाटलं ते याचं की ढालीचं मूळ रूप चित्र नसतं, वाक्य असतं. ठरलेल्या शब्दांत, ठरलेल्या क्रमानं ते सांगायचं. आधी ढालीची जमीन, म्हणजे पार्श्वभूमी, कुठल्या रंगाची, मग तिच्यावर काय, मग वरच्या पट्ट्यात काय. वाक्य बरोबर असलं की कुठल्याही देशातला चितारी ती ढाल काढू शकतो. चित्रं जळाली, दगड फुटले तरी वाक्य पाठ असलं की घराणं शाबूत. सोनं आणि रुपं हे दोन धातू, बाकी लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे रंग. धातूवर धातू ठेवायचा नाही, रंगावर रंग ठेवायचा नाही. मोलाल्तांनी एका काळात पोपच्या बाजूच्या राजाची कड घेतली तेव्हा जात्याच्या वर सोन्याची लिलीची फुलं आली. पुढं बादशहाचं पारडं जड झालं तेव्हा फुलं गेली आणि सोन्याच्या पट्ट्यावर काळा गरुड आला. एका श्रीमंत व्यापाऱ्याची मुलगी घरात आली तेव्हा ढाल मधून उभी चिरली गेली आणि अर्ध्या भागात तिच्या माहेरचे मासे पोहू लागले. आणि जेव्हा घर अगदी गडगंज श्रीमंत झालं, तेव्हा कुणा भाटानं रोमचा सेनापती शोधून काढला, आणि जात्याला डोळे, नाक, हसरं तोंड फुटून त्याचा सूर्य झाला. मी हे सगळं ऐकत असताना मागं सिमेंट कालवायचं यंत्र गुरगुरत असायचं आणि मला मात्र पाणचक्कीची घरघर ऐकू यायची.

जाताना तिनं मला दोन पुस्तकं दिली. एक तिच्या चुलत्यानं छापलेला घराण्याचा जाडजूड इतिहास, शिक्के आणि ढालींच्या चित्रांसह. दुसरा इटालियन-इंग्रजी शब्दकोश. शिवाय त्या पालथ्या शिळेचा फोटो. म्हणाली, "चुलत्यानं सगळे शिक्के प्रामाणिकपणे छापलेत, अर्थ मात्र चुकीचे लावलेत. तुला कंटाळा आला तर पुस्तकं उशाला घे."

कंटाळा आला नाही. नांदेडच्या वसतिगृहात मी शब्दकोश घेऊन ते पुस्तक ओळीओळीनं फोडत गेले. खोलीतल्या मुली म्हणायच्या, कुसुमला वारं लागलं. इटालियन मी कानानं नाही, डोळ्यांनी शिकले, त्यामुळं माझे उच्चार आजही ऐकणाऱ्याला हसू येईल असे आहेत. पण शिक्के मला बोलू लागले. सगळ्यात जुन्या शिक्क्यात वर्तुळाच्या मधे स्पष्ट चौकोन होता. पुढच्यात त्याचे कोपरे झिजलेले. त्याच्या पुढच्यात तो गोल. मग डोळे. एक घर स्वतःला कसं घडवतं, कुठं खोडतं, कुठं रंगवतं, हे पायरीपायरीनं माझ्यापुढं उलगडत होतं, आणि ते त्या घरातल्या लोकांना दिसत नव्हतं.

मी तिसऱ्या वर्षाला गेले तेव्हा लातूरला आंतरमहाविद्यालयीन निबंधवाचन स्पर्धा होती. आमच्या महाविद्यालयातून एकच निबंध जाणार होता. मी सरांना विषय सांगितला. सर वाईट नव्हते. मला किल्लारीला त्यांनीच पाठवलं होतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"इटली? कुसुम, हे तपासणार कोण? परीक्षकांना काय कळणार यातलं?"

"मी समजावून सांगेन सर."

"तसं नाही. तुम्ही तुमच्या समाजातल्या स्त्रियांवर लिहा. कष्ट, वेठ, स्थलांतर. तुमच्या तोंडून ते खरं वाटेल. बक्षीस हमखास."

त्यांना मदतच करायची होती. पण मला आतून काहीतरी पेटल्यासारखं झालं. शेजारच्या बाकावरचा मुलगा यादवांवर लिहू शकत होता, दुसरा फ्रेंच राज्यक्रांतीवर. त्यांना कुणी तुमच्या घरचं लिहा म्हणत नव्हतं. जगाचा इतिहास त्यांच्यासाठी मोकळा होता आणि मला माझ्या ओट्यापुरती जागा आखून दिली होती. मी एवढंच म्हणाले, "सर, ते मी लिहीन. पण मला आज हे लिहायचंय." सर म्हणाले, सहामाहीच्या सुट्टीनंतर निबंध दाखवा, मग बघू.

सुट्टीत घरी गेले. सर नाही म्हणाले असते तर मला चाललं असतं, पण बा नाही म्हणेल असं वाटलं नव्हतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला.

"सरदाराचा इतिहास?" तो म्हणाला. "तू सरदाराची भाटगिरी करून राहिली का? आज्यानं तुह्या समदं जुनं नदीत सोडलं ते काहून? कोण मोठ्या घरचा, कोण हलक्या घरचा, ह्येच मोडाया न्हाई का?"

"बा, आधी ऐक तर."

"हाव, ऐकतो."

मग मी त्याला पालथ्या शिळेचा फोटो दाखवला. चौकोनी भोक, झिजलेल्या रेघा. जात्याचा सूर्य कसा झाला ते शिक्के पुढं मांडून सांगितलं. बा फोटो कंदिलाजवळ नेऊन बघत राहिला. माय चुलीपुढून उठून आली, तिनं बघितलं आणि आपल्या ओट्यावरच्या जात्याकडं मान वळवली.

"म्हंजी ह्यो सरदार बी पीठच दळत व्हता?" बा म्हणाला.

"हाव."

"आन् मंग?"

"मग लढाईत गावाला पीठ पुरवलं, बुरूज मिळाला. बुरूज मिळाल्यावर चिन्ह काढलं. चिन्ह जुनं झाल्यावर पूर्वज काढला. बा, हे लोक वरून पडलेले नव्हते. मोठेपण कसं तयार करतात ते मला दाखवायचंय. त्यांच्याच कागदातून."

बानं मांडीवर थाप मारली आणि तो असा हसला की पॉइंटमन बाहेर येऊन "काय झालं" म्हणून विचारू लागला. "काही न्हाई," बा म्हणाला, "आमच्या पोरीनं इटलीचा एक सरदार उघडा पाडला." त्या क्षणी मला बक्षीस मिळाल्यात जमा होतं. पुढच्या सगळ्या आयुष्यात मोठ्या मोठ्या विद्वानांनी माझ्या लेखनाची परीक्षणं लिहिली, पण त्या हसण्याइतकं नेमकं परीक्षण कुणी केलं नाही.

ढाली मोठ्या कागदांवर रंगवून न्यायच्या असं ठरलं. किनवटच्या बाजारातून बा रंग घेऊन आला. मी रंगवल्या, मायनं खळ लावून मागं जुन्या साड्यांचं कापड चिकटवलं. पण सभागृहातल्या शेवटच्या रांगेला त्या दिसतील का? बा म्हणाला, बघू. दुपारची गाडी गेल्यावर मी आणि माय रुळांच्या कडेला एकेक ढाल धरून उभ्या राहिलो आणि बा निशाणं घेऊन रुळावरून चालत लांब गेला. ढाल ओळखू आली की हिरवं, नाही आली की लाल. निळ्यावर रुपेरी जातं, हिरवं. सोन्यावर काळा गरुड, जोरात हिरवं. शेवटी मी हौसेनं, नियम मोडून, पांढऱ्यावर पिवळी फुलं काढली होती. ती वर केली तर लाल निशाण असं फडफडलं की फाटकाकडं येणारी बैलगाडी थांबली. माय मला म्हणाली, "तुह्या बापाला आज लई दिसांनी खेळ सापडला."

निबंध वाचून सरांनी दोन दिवस काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी यादीत माझं नाव घातलं आणि विचारलं, "ती लिलीची फुलं कोणत्या पानावर आहेत म्हणालीस?" त्यांना पहिल्यांदाच अहोजाहोचा विसर पडला होता, आणि ते मला फार बरं वाटलं.

लातूरला बा बरोबर आला. रजा काढून, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, ढालींची गुंडाळी छातीशी धरून. एसटीत कंडक्टरनं ती वर टाका म्हटलं तर त्यानं ऐकलं नाही. सभागृह भरलेलं होतं. माझ्याआधी चांगले निबंध झाले. माझं नाव आणि विषय पुकारला तेव्हा आधी कुजबूज झाली. मी पहिली ढाल लावली आणि म्हणाले, "हे जातं आहे." लगेच मागच्या रांगेतून एक मुलगा ओरडला, "मॅडम, जात्याचा इतिहास सांगताय का जातीचा?"

सगळं सभागृह हसलं. पहिल्या रांगेत सर बसले होते, त्यांनी मान खाली घातली. भिंतीशी उभा असलेला बा मला दिसला. तो हसत नव्हता, पण घाबरलेलाही नव्हता, लांबून ढाल ओळखू येते का बघताना जसा उभा होता तसाच उभा होता. मी हसू ओसरू दिलं.

"दोन्हींचा," मी म्हणाले. "जात्यापासून जात कशी तयार होते, तेच मी सांगणार आहे. शेवटपर्यंत बसा."

कुणीतरी टाळी वाजवली, मग पुष्कळांनी. त्यानंतर मला भीती वाटली नाही. मी एकेक ढाल लावत गेले. फुलं जाऊन गरुड आला तेव्हा लोक खुसखुसले, कारण राज्य बदललं की निशाण बदलणारी माणसं त्यांच्याही ओळखीची होती. सूर्याला नाक-डोळे फुटले तेव्हा ते मोकळेपणानं हसले. शेवटी मी पालथ्या शिळेचा फोटो दाखवला आणि भूकंपात तो दरवाजा कसा पडला ते सांगितलं. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. लातूरचं सभागृह होतं ते. पडलेल्या दरवाजाचा अर्थ तिथं कुणाला समजावून सांगावा लागणार नव्हता.

अध्यक्ष म्हणून एक म्हातारे इतिहाससंशोधक होते. ते कठोर म्हणून प्रसिद्ध. त्यांनी ध्वनिक्षेपक जवळ ओढला.

"गवंडी हाताला येईल तो दगड वापरतो," ते म्हणाले. "आपल्याकडं देवळाचे खांब मशिदीत आणि मशिदीचे दगड विहिरीत सापडतात. जात्याच्या दगडावर ढाल कोरली म्हणून ते लोक दळणारे होते, हे सिद्ध कसं होतं?"

प्रश्न बरोबर होता. मी तो रात्रंदिवस स्वतःला विचारला होता.

"एकट्या दगडानं सिद्ध होत नाही, सर," मी म्हणाले. "दगड नसता तरी मी हेच म्हणाले असते. सगळ्यात जुन्या शिक्क्यात मधे चौकोन आहे. सूर्याच्या मधे चौकोन कुणी काढत नाही. जात्यात तो असतो. दुसरं, त्यांचं नाव. त्या काळात नावावरून चिन्ह काढायची पद्धत होती, आणि मोला म्हणजे जात्याचा दगड. तिसरं, त्यांच्याच जुन्या दप्तरात ढालीचं वाक्य लिहिलेलं आहे, आणि त्यात सूर्य हा शब्दच नाही."

"काय वाक्य आहे?"

मी ते पाठ केलेलंच होतं. "दाझ्झुर्रो, आल्ला माचिना दार्जेन्तो." आणि मग मराठीत सांगितलं, "निळ्या जमिनीवर रुपेरी जातं. माचिना म्हणजेही जातंच."

त्यांनी ते वाक्य कागदावर टिपून घेतलं. मग म्हणाले, "आता शेवटचं. हा परीक्षेतला प्रश्न नाही. या इटलीच्या घराण्याशी तुम्हाला काय घेणं?"

"तुम्ही सातवाहनांवर लिहिलंय, सर. तुमचं त्यांच्याशी जे घेणं, तेच माझं यांच्याशी."

म्हातारा मोठ्यानं हसला. त्यांनी स्वतः टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि सभागृह उभं राहिलं. सर उभे राहिले. तो मागच्या रांगेतला मुलगाही उभा राहून टाळ्या वाजवत होता. पुढं तो माझा चांगला मित्र झाला, आज उदगीरला वकिली करतो. निकाल जाहीर व्हायच्या आधीच तो सगळ्यांना कळलेला होता. पहिलं बक्षीस आमचं. ते घ्यायला मी गेले तेव्हा अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले, "एम.ए.ला माझ्याकडं या. सातवाहन नको, जे हवं ते करा." मी गेले. पुढं मोलाल्तांच्या त्या गावीही गेले, लाव्हीनियाच्या घरी राहिले, आणि बुरजाखाली जमलेल्या लोकांपुढं त्यांच्या ढालीवर माझ्या त्या हसू येणाऱ्या उच्चारांत बोलले. तिचा भाऊ आला होता. तो पहिल्या रांगेत बसला आणि शेवटी येऊन त्यानं बहिणीचा हात हातात घेतला. पण ती वेगळी हकिकत.

लातूरच्या स्पर्धेची फिरती ढाल असायची. लाकडाची, मधे पितळी पदक आणि भोवती छोट्या चांदीच्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीवर एकेका वर्षाच्या विजेत्याचं नाव. पट्टीवर नाव कोरून घेण्याचं काम जिंकणाऱ्या महाविद्यालयाकडं असायचं. नांदेडला परतल्यावर सर म्हणाले, वडील इथवर आलेच आहेत, तर तुम्ही दोघंच जाऊन कोरून आणा. जुन्या बाजारात एक म्हातारे कोरीव काम करणारे चाचा बसायचे, डोळ्याला भिंग लावून. बानं ढाल त्यांच्यापुढं ठेवली. चाचांनी पट्टीवर नखानं अंदाज घेतला.

"नाम बोलो."

बानं सांगितलं. माझं नाव, मग त्याचं, मग आडनाव, मग इस्लापूर. एकेक शब्द सावकाश, जणू तो स्वतःच कोरत होता.

चाचांनी मान हलवली. "इतना नहीं बैठता भाई. पट्टी छोटी है. एक लफ्ज कम करो."

बा थांबला. बाजूच्या पट्ट्यांवरची नावं त्यानं बोट फिरवून पाहिली. एकावरही गावाचं नाव नव्हतं. मी म्हणाले, "बा, इस्लापूर राहू दे. कुणाला काय कळणार?"

"न्हाई," तो म्हणाला. मग चाचांकडं वळला. "माहं नाव काढा. गाव राहू द्या."

चाचांनी भिंगातून एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि छिन्नी उचलली. बा दुकानाच्या पायरीवर उकिडवा बसून शेवटचं अक्षर होईपर्यंत बघत राहिला. झाल्यावर त्यानं चांदीचा भुगा फुंकून उडवला आणि शेजारच्या हॉटेलात चहा गाळणाऱ्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात ती पट्टी वाचून दाखवली.